साडूंचा फॉरवर्ड, तंतुकणिका आणि कॅन्सर

मागच्या रविवारी सकाळी दूध घेऊन वर येत होते, तर जिन्यात शेजारचे काका. एका हातात पेपर, दुसऱ्यात मोबाइल, चष्मा कपाळावर चढवलेला. "अगं, तू ते विज्ञानाचं लिहितेस ना? हे वाच बरं जरा." साडूंनी पाठवलेला फॉरवर्ड होता, बोट दुखेपर्यंत वर सरकवला तरी न संपणारा. सार एवढंच की कॅन्सर हा जनुकांचा आजार नाहीच, तो मायटोकॉन्ड्रियाचा आजार आहे. हे शोधून काढल्याबद्दल ऑटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाला १९३१ साली नोबेल मिळालं. मग औषध कंपन्यांनी ते दाबून टाकलं. साखर सोडली की गाठ उपाशी मरते.

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण काकांच्या भावजयीचं गेल्या महिन्यात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय आणि आता केमो सुरू व्हायची आहे. केमो घ्यायची की आधी सहा महिने साखर सोडून बघायचं, असा वाद घरात पेटलाय. त्यात तिला दोन मुली. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो हे कुणीतरी शोधून काढलं, त्यामुळे मुलींच्या बाबतीत वेगळीच धास्ती.

अडचण अशी की हा फॉरवर्ड अगदीच बिनबुडाचा नाही. कॅन्सरच्या गाठींमध्ये मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए बदललेला सापडतो, हे खरं आहे. त्यावर पंचवीसेक वर्षं गंभीर काम चाललंय, आणि जानेवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका जपानी अभ्यासानंतर हा विषय पुन्हा बातम्यांत आला. जिन्यात उभ्याउभ्या मला नीट सांगता आलं नाही, ते इथे सावकाश लिहिते.

वाड्यातला भाडेकरू

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत एक केंद्रक असतं आणि त्यात डीएनए असतो, म्हणजे सुमारे ३०० कोटी अक्षरांचा मजकूर. प्रथिनं कशी बनवायची हे सांगणारे त्यातले उतारे म्हणजे जनुकं. अशी जनुकं साधारण २०,०००. या मजकुरात अक्षर बदललं, गळलं किंवा जास्तीचं घुसलं, तर त्याला उत्परिवर्तन म्हणतात. मी पुढे नुसतं ‘बदल’ म्हणेन.

केंद्रकाच्या बाहेर, पेशीच्या अंगणात, मायटोकॉन्ड्रिया असतात. शाळेच्या पुस्तकात यांना तंतुकणिका म्हणायचे आणि ‘पेशीचे ऊर्जाकेंद्र’ हे एका मार्काचं ठरलेलं उत्तर असायचं. शब्द चांगला आहे, मी तोच वापरते.

तंतुकणिका मुळात आपल्या नव्हेत. दीडशे ते दोनशे कोटी वर्षांपूर्वी एक जिवाणू दुसऱ्या पेशीत शिरला आणि तिथेच राहिला. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली ही कल्पना नव्याने आणि नेटाने मांडली, तेव्हा त्यांचा निबंध बऱ्याच नियतकालिकांनी साभार परत केला होता. आज ती पाठ्यपुस्तकात आहे. मला हा प्रकार पेठेतल्या वाड्यासारखा वाटतो. भाडेकरू इतक्या पिढ्या राहिलाय की मालक कोण आणि भाडेकरू कोण हे कागद काढल्याशिवाय कळत नाही. भाडेकरूने ऊर्जा द्यायची, मालकाने जेवण द्यायचं, असा व्यवहार. मधल्या काळात भाडेकरूने आपलं जवळजवळ सगळं सामान मालकाच्या माडीवर नेऊन ठेवलं. तंतुकणिकेला चालायला हजाराहून जास्त प्रथिनं लागतात आणि त्यातल्या बहुतेकांची कृती आता केंद्रकातल्या डीएनएमध्ये आहे.

भाडेकरूच्या खोलीत उरलीय एक जुनी पत्र्याची ट्रंक. त्या ट्रंकेत १६,५६९ अक्षरांचा, गोल बांगडीसारखा डीएनए आणि ३७ जनुकं. त्यातली १३ प्रथिनांची, उरलेली २४ ती प्रथिनं तयार करायला लागणाऱ्या हत्यारांची. केंब्रिजमध्ये १९८१ साली हा सगळा मजकूर वाचून झाला. इतकी छोटी ट्रंक, पण आतला माल मोक्याचा. ती १३ च्या १३ प्रथिनं एकाच यंत्राचे भाग आहेत. आपण खाल्लेल्या अन्नातून निघणारे इलेक्ट्रॉन हातोहात पुढे देत शेवटी ऑक्सिजनकडे पोचवणारी ही साखळी, म्हणजे श्वसनसाखळी. तिच्या जोरावर एटीपी नावाचा रेणू बनतो आणि पेशीतला सगळा खर्च या एटीपीत चालतो. आपण श्वास घेतो तो मुख्यतः या साखळीसाठी.

सत्यनारायणाचा शिरा

केंद्रकात प्रत्येक जनुकाच्या दोनच प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. ट्रंकेतल्या डीएनएच्या मात्र एका पेशीत शेकडो ते हजारो प्रती असतात आणि त्या सतत नव्याने काढल्या जातात. पुण्यात अप्पा बळवंत चौकात नोट्सची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची झेरॉक्स, असं करत गेलं की चौथ्या-पाचव्या हाताला काना-मात्रा उडतात, तसंच इथे. त्यातून केंद्रकात चुका दुरुस्त करणारी जी मोठी यंत्रणा आहे, तिच्यातली थोडीच साधनं तंतुकणिकेत आहेत. म्हणून तिथले बदल केंद्रकापेक्षा कितीतरी पट वेगाने साठतात.

बरीच वर्षं समजूत अशी होती की श्वसनसाखळीतून उडणाऱ्या ठिणग्या, म्हणजे फ्री रॅडिकल्स, शेजारच्या डीएनएला पोळतात आणि त्यातून हे बदल होतात. अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांचा अर्धा धंदा याच चित्रावर उभा आहे. पण २०१४ साली १,६७५ गाठींमधला हा डीएनए वाचून पाहिला, तेव्हा बदलांचा ठसा मुख्यतः प्रती काढतानाच्या चुकांचा निघाला. तंबाखूचा धूर आणि ऊन यांचे डाग फुप्फुसाच्या आणि त्वचेच्या गाठींत केंद्रकाच्या डीएनएवर ठळक दिसतात. तंतुकणिकेच्या डीएनएवर ते जवळजवळ नव्हतेच.

आता खरी मेख. पेशीचे दोन भाग होताना केंद्रकातला डीएनए अगदी काटेकोर वाटला जातो. तंतुकणिका मात्र मोजूनमापून वाटल्या जात नाहीत. सत्यनारायणाचा शिरा वाटतात तसं चालतं. पातेल्यात डाव घातला, द्रोणात टाकला. कुणाच्या द्रोणात चार बेदाणे, कुणाच्यात एकही नाही. कुणी मुद्दाम केलेलं नसतं. बेदाणा म्हणजे बदललेली प्रत असं समजा. पेशी शेकडो वेळा विभागत गेली, तर नुसत्या योगायोगाने एखादी पेशी अशी निघते की तिच्या द्रोणात बेदाणेच बेदाणे. निरोगी माणसाच्या शरीरातही हे होतं. न्यूकॅसलच्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं की वय वाढलेल्या माणसांच्या निरोगी मोठ्या आतड्यात असे लहानलहान ठिपके असतात, जिथल्या पेशींची श्वसनसाखळी अर्धवट बंद पडलेली असते. कॅन्सर नसतो, त्रासही नसतो. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या बहुतेकांच्या पोटात हे असणार.

थोड्या खराब प्रती असल्या तर पेशीला पत्ताही लागत नाही. साधारण ६० ते ८० टक्के प्रती एकाच प्रकारे बिघडल्या की मग यंत्र अडखळतं. म्हणून तंतुकणिकेच्या डीएनएत ‘बदल सापडला’ एवढ्याने काहीच कळत नाही. किती प्रतींत सापडला आणि ट्रंकेतल्या नेमक्या कुठल्या वस्तूत, हे विचारावं लागतं.

वॉरबर्ग यांना नोबेल कशाबद्दल?

१९३१ चं नोबेल खरं आहे. पण ते कॅन्सरचं कारण शोधल्याबद्दल नव्हतं. पेशी ऑक्सिजन वापरते तो कोणत्या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने, आणि ते विकर काम कसं करतं, हे उलगडल्याबद्दल होतं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हे एका मिनिटात तपासलं असतं.

कॅन्सरबद्दलचं त्यांचं निरीक्षण वेगळं आणि तेही अस्सल आहे. १९२० च्या दशकात त्यांना दिसलं की गाठीतल्या पेशी भरपूर ऑक्सिजन असतानाही साखर अर्धवटच जाळतात आणि तिचं लॅक्टिक आम्ल करून बाहेर टाकतात. ग्लुकोजचा एक रेणू शेवटपर्यंत जाळला तर तीसेक एटीपी मिळतात, अर्धवट सोडला तर दोन. एवढा तोटा कोण सहन करील? ज्याचं मशीन बंद पडलंय तोच, असं वॉरबर्ग यांनी ताडलं. तंतुकणिका बिघडते, म्हणून पेशी नाइलाजाने या मार्गाला लागते आणि त्यातून कॅन्सर होतो, हे मत त्यांनी १९५६ सालीही ठासून मांडलं. निरीक्षण टिकलं. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र बहुतांशी टिकला नाही.

लाकूड जाळायचं की फर्निचर करायचं

कारण असं की एटीपी ही पेशीची एकमेव गरज नाही. सुताराच्या दुकानातलं सागवान चुलीत घातलं तर पाणी छान तापेल, पण दुकान चालणार नाही. भराभर वाढणाऱ्या पेशीला नवी भिंत लागते, नवी प्रथिनं लागतात, डीएनएच्या नव्या विटा लागतात. साखर पूर्ण जाळली तर तिचा धूर होऊन जातो, म्हणजे कार्बन डायऑक्साइड. वाटेत थांबवली तर त्या तुकड्यांतून सामान बनतं. कॅन्सरच्या पेशीत केंद्रकातली बदललेली जनुकं मुळात ‘वाढ, वाढ’ असा हुकूम सोडत असतात आणि साखरेची उधळपट्टी बऱ्याच अंशी त्या हुकमातून येते. मशीन चालू असतानाही लाकूड बाजूला काढलेलं असतं.

प्रयोगशाळेतल्या चित्राने आपली थोडी फसगतही झाली आहे. आपल्या पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, देशभरच्या संशोधकांना लागणाऱ्या पेशी तिथे जपून ठेवतात आणि पुरवतात. अशा पेशी जगभर ज्या गुलाबी पाण्यात वाढवतात, त्याच्या एका नेहमीच्या प्रकारात लिटरला साडेचार ग्रॅम ग्लुकोज असतं. आपल्या रक्तात साधारण एक ग्रॅम. गुलाबजामसारखं पाकात बुडवून ठेवलेल्या पेशीने साखर उधळली तर नवल काय? प्रत्यक्ष रुग्णांच्या गाठींत मोजमाप केलं, तेव्हा फुप्फुसाच्या अनेक गाठी साखर शेवटपर्यंत जाळतानाही दिसल्या.

मला सगळ्यात पटलेला पुरावा न्यूझीलंडचा आहे. तिथल्या संशोधकांनी उंदराच्या कॅन्सर पेशींची ट्रंकच रिकामी केली, म्हणजे तंतुकणिकेचा डीएनए पूर्ण काढून टाकला, आणि त्या पेशी उंदरात सोडल्या. वॉरबर्ग यांचं म्हणणं सरळ घेतलं तर या पेशी अधिक माजायला हव्या होत्या. झालं उलटं. गाठ वाढेचना. बऱ्याच दिवसांनी वाढली, आणि तपासलं तर त्या पेशींनी उंदराच्या निरोगी पेशींकडून तंतुकणिका मिळवल्या होत्या! हे २०१५ चं काम. पुढे २०१९ मध्ये याच धाग्यावरच्या कामातून कळलं की त्यांना तंतुकणिका हवी होती ती मुख्यतः एटीपीसाठी नव्हे, डीएनएच्या विटा पाडण्यासाठी. पुन्हा फर्निचरच.

‘पण निम्म्याहून जास्त गाठींत हे बदल सापडतात ना?’

सापडतात. १९९८ साली मोठ्या आतड्याच्या कॅन्सरपासून वाढवलेल्या दहा पेशीवाणांपैकी सातांत ते मिळाले, तिथून ही शोधाशोध जोरात सुरू झाली. २०२० मध्ये ३८ प्रकारच्या २,६५८ कॅन्सरांचा एकत्र अभ्यास आला. मोठमोठ्या पाहण्यांत निम्म्याहून अधिक गाठींत एखादा तरी बदल दिसतो.

पण शिरा आठवा. गाठ एका पेशीपासून, असंख्य विभाजनांतून तयार झालेली असते. बेदाणे एका द्रोणात गोळा व्हायला तेवढं पुरतं. म्हणून विचारायचं ते असं, की गाठीने हे बदल निवडून ठेवलेत की ते नुसते बरोबर आलेत? हे ओळखायची युक्ती आहे. बदल दोन तऱ्हेचे असतात. एक, ज्याने प्रथिनात किरकोळ फरक पडतो. दुसरा, ज्याने प्रथिन अर्ध्यावरच तुटतं आणि यंत्र ठप्प होतं. बिघडलेली तंतुकणिका गाठीच्या फायद्याची असती, तर दुसऱ्या तऱ्हेचे बदल सगळीकडे भरभरून दिसायला हवेत. बहुतेक कॅन्सरांत ते दिसत नाहीत. उलट तसे बदल असलेल्या प्रती थोड्याच राहतात, जणू गाठ त्या चाळून टाकते. म्हणजे बहुतेक गाठींना चालू स्थितीतली तंतुकणिका हवी आहे.

अपवाद आहेत, आणि खरी उत्सुकता तिथेच आहे. मूत्रपिंडाचे काही कॅन्सर, थायरॉइडचे काही आणि मोठ्या आतड्याचा, यांत यंत्र ठप्प करणारे बदल अपेक्षेपेक्षा जास्त सापडतात. इथे गाठीला त्यांचा काही उपयोग असावा. पण ‘बिघडलेली तंतुकणिका म्हणजे भयंकर कॅन्सर’ हे समीकरण इथेही जमत नाही. मूत्रपिंडात ऑन्कोसायटोमा नावाची गाठ होते. तिच्यात श्वसनसाखळीचा पहिलाच दुवा वारंवार तुटलेला असतो, पेशी निकामी तंतुकणिकांनी गच्च भरलेल्या असतात, आणि ती गाठ सहसा साधी असते, पसरत नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्येही, २०२१ च्या एका विश्लेषणात, असे बदल असलेले रुग्ण न असलेल्यांपेक्षा जास्त जगलेले दिसले. काकांना हे सांगताना मी जरा बिचकले, कारण याचा आज उपचार ठरवताना काही उपयोग नाही आणि घरात त्याचा भलताच अर्थ निघाला असता.

अजून एक पुरावा. २००४ मध्ये असे उंदीर तयार केले गेले, ज्यांच्या तंतुकणिकांचा डीएनए धडाधड बदलत जातो. ते लवकर म्हातारे झाले, पाठीला बाक आला, केस गळले, लवकर मेले. या बदलांनीच कॅन्सर होत असता तर ते गाठींनी भरायला हवे होते. तसे भरले नाहीत.

फॉरवर्डमधला खरा अंश

तो ट्रंकेत नाही, माडीवर आहे. तंतुकणिकेला लागणारी बहुतेक प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात हे वर सांगितलं. त्यातली एसडीएच आणि एफएच नावाची जनुकं जन्मतः बिघडलेली असतील, तर खरोखरच ठरावीक प्रकारच्या गाठी होतात, आणि त्या घराण्यात चालतात. कारणही आता कळलंय. यंत्रातला एक दुवा अडला की मागे सक्सिनेट किंवा फ्युमरेट हा अर्धवट माल साठत जातो, आणि हा साठलेला माल केंद्रकात जाऊन कुठली जनुकं उघडी आणि कुठली बंद, याच्या खुणाच पुसट करतो. मोरी तुंबली की पाणी दिवाणखान्यात येतं, तसं. हे कॅन्सर विरळ आहेत. पण तंतुकणिका बिघडून कॅन्सर होऊ शकतो याचा पक्का पुरावा हाच, आणि गंमत म्हणजे त्यात केंद्रकातलंच जनुक बिघडलेलं असतं.

मग ट्रंकेतले बदल करतात काय?

गाठ सुरू करण्यापेक्षा सुरू झालेली गाठ कशी वागेल, यात त्यांचा हात दिसतो. २००५ मध्ये प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींत असा एक बदललेला डीएनए घातला, तर उंदरातली गाठ न बदललेल्या डीएनएच्या गाठीपेक्षा सातपट मोठी झाली. २००८ मध्ये जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठात त्याहून सुरेख प्रयोग झाला. उंदराच्या दोन कॅन्सर पेशी घेतल्या, एक शरीरभर पसरणारी, एक फारशी न पसरणारी, आणि त्यांच्या ट्रंकांची अदलाबदल केली. पसरण्याची खोड ट्रंकेबरोबर गेली.

एवढं असून ठाम बोलता येत नव्हतं, कारण हत्यार नव्हतं. केंद्रकातला डीएनए कापायला-जोडायला ज्या क्रिस्परचा इतका गाजावाजा झाला, ते तंतुकणिकेच्या दाराशीच अडतं. त्याला वाट दाखवणारा आरएनए आत नेता येत नाही. २०२० साली वेगळ्या पद्धतीचं, आरएनए न लागणारं अक्षर बदलण्याचं साधन आलं आणि मग एकेक बदल मुद्दाम करून बघता येऊ लागला.

२०२४ मध्ये या साधनाने उंदराच्या त्वचेच्या कॅन्सर पेशींत श्वसनसाखळीचं एक जनुक बदललं. त्या गाठींवर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्याच संरक्षक पेशींना मोकळं सोडणारी औषधं, जास्त चांगली चालली. आणि जानेवारी २०२५ चा तो जपानी अभ्यास, ओकायामा विद्यापीठाचा, नेमकं उलटं सांगतो. गाठीतल्या पेशी आपल्या बदललेल्या तंतुकणिका बारीक नळ्यांतून आणि पुड्यांतून चालून आलेल्या टी-पेशींमध्ये, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींमध्ये, घुसवतात. एरवी पेशी खराब तंतुकणिका मोडीत काढते. या मात्र मोडीत जाऊ नये अशी तजवीज करून येतात. टी-पेशी दमते, लढत नाही. अशा बदलांच्या रुग्णांमध्ये, त्वचेच्या मेलानोमात आणि फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये, इम्युनोथेरपीचा परिणाम कमी दिसला.

दोन्हींपैकी एक चूक असलंच पाहिजे असं मला वाटत नाही. एकात बदल गाठीच्या घरात राहिला, दुसऱ्यात तो शेजाऱ्याच्या घरी पोचवला गेला. कुठला बदल, किती प्रतींत आणि कुणाच्या घरात, यावर निकाल फिरणार.

मुलींचं काय?

हा डीएनए आईकडून येतो हे बरोबर. बीजांडात त्याच्या लाखाहून अधिक प्रती असतात. शुक्राणूच्या तंतुकणिका मोडीत निघतात. पण भावजयीच्या गाठीत जे बदल असतील ते तिच्या आतड्यातल्या पेशींत, तिच्या हयातीत झालेले. ते बीजांडात जात नाहीत. मुली जन्मल्या त्या आधीच्या प्रतींवर. तंतुकणिकेचे काही आजार आईकडून मुलांत येतात हे खरं, पण ते डोळ्यांचे, स्नायूंचे, मेंदूचे. त्या रुग्णांत कॅन्सर ठळकपणे वाढलेला दिसत नाही.

मुलींची चौकशी करायचीच असेल तर ती दुसऱ्या दाराने. मोठ्या आतड्याचा कॅन्सर काही घराण्यांत लिंच सिंड्रोम या आनुवंशिक विकारामुळे येतो. त्याची जनुकं केंद्रकात असतात आणि ती आई किंवा वडील, कुणाकडूनही येऊ शकतात. कमी वयात झालेला आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर घरात आणखी कुणाला होता का, हे आठवून कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्यावं. गाठीच्या नमुन्यावरच त्याची प्राथमिक तपासणी होते. ते काही निघालं नाही तरी आईला झाला म्हणून मुलींनी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतड्याची तपासणी, कधी सुरू करायची, हे विचारून ठेवावं. साधारण चाळिशीला, किंवा आईला कळलं त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यांत जे लवकर येईल ते, असं बऱ्याच ठिकाणी धरतात.

‘पेट स्कॅनमध्ये गाठ साखरेनेच उजळते की!’

हा काकांचा हुकमी एक्का होता. दोन वर्षांपूर्वी आत्याला या स्कॅनसाठी घेऊन गेले होते, त्यामुळे मला तो चांगला आठवतो. सकाळपासून उपाशी, मग किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेल्या ग्लुकोजचं इंजेक्शन, आणि नंतर तासभर एका मंद दिव्याच्या खोलीत गप्प पडून राहायचं. बोलायचं नाही, च्युइंगम नाही. स्नायू हलले की ते साखर खातात आणि चित्र बिघडतं. चित्र आलं तेव्हा गाठीपेक्षाही डोकं झळाळत होतं. आत्या घाबरली. तंत्रज्ञ म्हणाला, "मावशी, तो मेंदू आहे, तो असाच दिसतो."

तर गाठ साखर ओढते हे खरं, पण चहातली साखर बंद केल्याने तिचा पुरवठा तुटत नाही. भात, भाकरी, फळं, सगळ्यांचं ग्लुकोजच होतं. तेही बंद केलंत तर यकृत स्नायूंमधल्या प्रथिनांपासून ग्लुकोज बनवून रक्तातली पातळी धरून ठेवतं, कारण मेंदूला ते हवं असतं. शिवाय गाठ ग्लुटामिन नावाचं अमिनो आम्ल खाते, चरबीही खाते. केमोच्या दिवसांत खाणं तोडून वजन आणि स्नायू उतरले की डोस झेपत नाहीत, पुढे ढकलावे लागतात. मधुमेह असेल तर साखर सांभाळायचीच, एरवीही चार चमचे कमी खाल्ली तर बिघडत नाही. पण तो उपचार नव्हे.

तंतुकणिकेवर घाव घालणाऱ्या औषधांचेही प्रयत्न झालेत. मधुमेहाचं मेटफॉर्मिन श्वसनसाखळीच्या पहिल्या दुव्याला थोडं आवळतं, म्हणून त्यावर मोठी आशा होती. स्तनाच्या कॅन्सरच्या, मधुमेह नसलेल्या साडेतीन हजारांहून जास्त रुग्णांवर चाचणी झाली, २०२२ मध्ये निकाल आला: आजार परतण्यावर फरक नाही. तोच दुवा जोरात बंद करणारं एक प्रायोगिक औषध नसांना अपाय करू लागलं आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. श्वसनसाखळी गाठीची वेगळी आणि आपली वेगळी अशी नसते ना. आणि आमच्याकडच्या रस्त्यावर हल्ली ‘मायटोकॉन्ड्रिया डिटॉक्स’चा जो फलक लागलाय, तिथे नेमकं काय बाहेर काढतात हे मी आत जाऊन विचारलं. रिसेप्शनवरच्या मुलीने मला पॅकेजचं दरपत्रक दिलं.

हे सगळं काकांना परवा संध्याकाळी, त्यांच्या गॅलरीत बसून, दोन कप चहात सांगितलं. भावजयीची पहिली केमो सोमवारी आहे. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ते सगळं असू दे, मी ग्रुपवर काय टाकू तेवढं सांग." म्हटलं, एवढंच टाका की वॉरबर्ग यांचं नोबेल कॅन्सरबद्दल नव्हतं. त्यांनी एका बोटाने, र्‍हस्वदीर्घ सांभाळत ते टाइप केलं. दोन मिनिटांत साडूंचा अंगठा आला. आणि त्याच्या पाठोपाठ हळदीचा फॉरवर्ड.